आधी लिटर मोज, मग सॉफ्टवेअरचं बघू

पत्र असं आलंय:

"अक्का, नमस्कार. मी मूळचा निपाणीचा, चार वर्षं झाली जर्मनीत स्टुटगार्टजवळ नोकरीला आहे. सध्या चुलत बहिणीच्या लग्नासाठी महिनाभर गावी आलोय. तिकडं मी आणि दोन मित्र मिळून घरात बिअर करतो, वर्षातनं सहा-सात वेळा, प्रत्येक वेळी वीस लिटर धरून. रेसिपी एकच, साडेचार किलो माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव), तेच हॉप्स (कडूपणा देणारी फुलं), तेच यीस्ट, तरी दर वेळी बिअर वेगळी होते. मागच्या तीन वेळचे आकडे देतो. पहिल्यांदा ११ प्लेटो (रसातल्या साखरेचं माप) आणि साधारण २२ लिटर, दुसऱ्यांदा साडेतेरा आणि साडेसतरा लिटर, तिसऱ्यांदा १२ आणि २० लिटर. दुसऱ्या वेळच्या बाटल्या उघडल्या की फेस छतापर्यंत जायचा. हिशोब फुकटच्या साईटवर करतो. मित्र म्हणतो पैसे भरून चांगलं रेसिपी सॉफ्टवेअर घेऊ, सगळं सुरळीत होईल. बायको म्हणते आधीच चार ॲपचे पैसे दर महिन्याला कटतात, आता पाचवं कशाला. घेऊ का नको? आणि दोन वर्षांनी कायमचा परत येणार आहे, तेव्हा भांडी घेऊन आलो तर बेळगावात करता येईल का? आईला हे अजिबात आवडत नाही, तिच्या लेखी दारू ती दारू."

तू आकडे लिहून पाठवलेस हे फार बरं केलंस बघ. नाहीतर पत्रं येतात ती "अक्का चव बिघडली, काय करू" एवढीच, त्यातनं काय सांगणार. तुझ्या तीन ओळींत तुझं उत्तर आहे, तुला ते दिसलं नाही एवढंच, आणि खरं सांगायचं तर मलाही माझ्या वेळी दिसलं नव्हतं.

मी २००९ ते २०१७ न्यूरेंबर्गकडं होते, ह्यांच्या नोकरीमुळं. मायक्रोबायोलॉजी शिकलेली, इथं असताना एका डेअरीच्या लॅबमध्ये काम केलेलं, तिकडं गेल्यावर भाषा येईना म्हणून नोकरी मिळेना, मग पहिल्या थंडीत घरात बिअर करायला लागले कारण त्यात मला माझंच काम दिसलं, तापमान बघायचं, स्वच्छता बघायची, यीस्ट सांभाळायचं. आणि पहिल्याच महिन्यात मी सॉफ्टवेअर विकत घेतलं. रसात तरंगवून दाटी मोजायचा हायड्रोमीटर नीट वाचायला येत नव्हता त्या आधी. पुढचे चार महिने त्यानं सांगितलेलं सगळं अगदी मनापासून पाळलं आणि सगळी बिअर पाणचट झाली.

मग एका रविवारी आप्पांचा फोन. आप्पा चिकोडी तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये तीस वर्षं केमिस्ट होते. मी रडगाणं सुरू केलं की इतका माल्ट घालते तरी आकडा कमीच येतो. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, ब्रिक्स किती, म्हणजे रसात साखर किती टक्के, आणि रस किती निघाला. मी म्हटलं ब्रिक्स साडेदहा. "ते कळलं गं, रस किती लिटर?" मला सांगताच येईना. भांडं भरलेलं होतं एवढंच माहीत. ते म्हणाले, मग उतारा कसा काढालीस तू?

निपाणीच्या माणसाला उतारा काय ते सांगायला नको. ऊस किती टन गेला आणि साखर किती निघाली, त्याची टक्केवारी. नुसता रसाचा ब्रिक्स बघून कुठला कारखाना उतारा सांगत नाही, रस किती हेही धरावं लागतं. आणि तुझा प्लेटो म्हणजे जवळपास तोच ब्रिक्स, १२ प्लेटो म्हणजे शंभर ग्रॅम रसात, माल्टच्या गोड पाण्यात, बारा ग्रॅम विरघळलेला ऐवज, बहुतेक साखरच. तर आता तुझेच आकडे घेऊन बस.

पहिल्या वेळी २२ लिटर, ११ प्लेटो. ११ प्लेटोचा एक लिटर रस साधारण १.०४४ किलो भरतो, म्हणजे २२ लिटरचं वजन २३ किलोच्या आसपास, त्याचे ११ टक्के, अडीच किलो. दुसऱ्या वेळी साडेसतरा लिटर, साडेतेरा प्लेटो, तिथं लिटर १.०५५ चा धर, पुन्हा अडीच किलो. तिसऱ्या वेळी २० लिटर, १२ प्लेटो, लिटर १.०४८, पुन्हा अडीच किलो! तिन्ही वेळा साडेचार किलो माल्टमधनं तू अडीच किलो साखर काढलीयस, फरक पडला तर वीस-तीस ग्रॅमचा. अरे हे फार चांगलं काम आहे. मॅश, म्हणजे दळलेला माल्ट गरम पाण्यात भिजवून साखर सोडवणं, तुझं पक्कं आहे, दळण एकसारखं आहे, तापमान नीट धरतोस, नाहीतर असा उतारा येत नाही. वेगळं होतंय ते फक्त पाणी. अडीच किलो साखर कधी २२ लिटरमध्ये पसरते, कधी साडेसतरा लिटरमध्ये, मग एकदा पातळ आणि एकदा दांडगी लागणारच की.

म्हणजे तुझा रोग रेसिपीत नाही, आटण्यात आहे. आणि आटणं आपल्याकडच्या माणसाला शिकवायला लागतंय का? कुंद्याचं दूध आटवताना कोणी घड्याळ लावून उतरवत नाही, कढईत किती राहिलंय आणि रंग काय आलाय ते बघतात. गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीपुढं उभा असतो तो पाक बघतो, तासाभरात उतरवा असं त्याला कोणी सांगितलं तर तो ऐकणार नाही कारण जाळ रोज सारखा नसतो, चिपाड ओलं असलं की जाळ मंद. तुझ्या फ्लॅटमधल्या शेगडीचंही तेच. खिडकी उघडी का बंद, झाकण अर्धं ठेवलंस का पूर्ण काढलंस, भांडं रुंद का उभं, उकळी जोरात का हळू, ह्यावर तासाला दोन लिटर आटतील का चार ते ठरतं. सॉफ्टवेअरमध्ये मात्र एक आकडा आधीच भरून ठेवलेला असतो, कुणाच्या तरी भांड्याचा, आणि आपण तो बदलायचा असतो हे पहिल्यांदा लक्षातच येत नाही. माझ्या पाणचट बिअरचं कारण तेच निघालं, त्यात तासाला साडेतीन लिटर आटेल असं धरलेलं होतं, माझ्या उंच अरुंद भांड्यातनं दोनच आटत होते, आणि मी दर वेळी दीड लिटर पाणी जास्त घेऊन बसले होते.

आता पुढच्या वेळी काय करायचं ते सांगते. लाकडी उलथणं किंवा लांब काठी घे, भांड्यात एकेक लिटर पाणी मोजून ओत आणि काठीवर खुणा कर, तीस लिटरपर्यंत. एक तास जाईल, पण हे एकदाच करायचं आहे. मग उकळी सुरू व्हायच्या आधी काठी बुडवून आकडा लिही, उकळी संपल्यावर लिही, फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, किती गेलं ते लिही. गरम रस फुगलेला असतो, उकळत्याला साधारण चार टक्के जास्त दिसतो, तेवढं धरून चाल. माल्टचा चोथा किलोमागं लिटरभर पाणी धरून ठेवतो, म्हणजे तुझ्या साडेचार किलोचे साडेचार लिटर तिथं गेले, आटण्यात समज साडेतीन, तळाच्या गाळात दीड, आणि हातात पाहिजेत वीस. बेरीज केलीस तर साडेएकोणतीस लिटर पाणी घेऊन सुरुवात करायची. हा हिशोब कागदाच्या पाठीमागं होतो रे. आणि शेवटी कमी भरलं तर घाबरायचं काय, साडेसतरा लिटर साडेतेराचं झालं होतं ना, त्यात सव्वादोन लिटर उकळून गार केलेलं पाणी घातलं असतंस तर ते बाराचंच झालं असतं. त्या दिवशी हे माहीत असतं तर दुसरी बॅच वाचली असती.

आता त्या फेसाचं. हे मी जरा नेटानं सांगणार आहे कारण ह्यात काच फुटून माणसाला लागू शकतं. तू लिहिलं नाहीस पण माझा अंदाज आहे की बाटलीत भरताना फेसासाठी घालतात ती साखर रेसिपीत लिहिलेली तेवढीच घातलीस, वीस लिटरची, आणि भरायला होते साडेसतरा. नेहमीच्या बिअरला लिटरमागं सहा ग्रॅमच्या आसपास साखर पुरते, वीस लिटरला एकशेवीस. तीच साखर साडेसतरा लिटरमध्ये घातली तर लिटरमागं सातच्या जवळ जाते, पण एवढ्यानं छतापर्यंत फेस जात नाही. खरं कारण मला वाटतं ते असं की आंबणं पूर्ण व्हायच्या आधीच भरलंस. साडेतेराचा रस बाराच्या रसापेक्षा जास्त दिवस घेणार, त्यात थंडी असली तर यीस्ट शेवटी शेवटी रेंगाळतं, आणि तू मात्र "दहा दिवस झाले, भरा" असं केलं असशील. फर्मेंटरमध्ये अर्धा प्लेटो जरी आंबायचा राहिला असला तरी ते लिटरमागं चार ग्रॅम साखर वरनं आणखी घातल्यासारखं आहे. सात आणि चार अकरा, जवळजवळ दुप्पट. म्हणून कुठल्याही सॉफ्टवेअरनं तारीख दाखवली तरी तिच्यावर बाटली भरायची नाही. दोन-तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा मोज, नमुना हलवून त्यातला गॅस काढून मगच मोज, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला वर उचलतात, आणि दोन्ही वेळा आकडा तोच आला तर भर. त्या बॅचच्या बाटल्या तिकडं कपाटात अजून शिल्लक असतील तर मित्राला आजच फोन कर, जाड कापडात गुंडाळून थंडीत ठेवायला सांग, डोळ्याला चष्मा लावून हात लावायला सांग.

बरं आता सॉफ्टवेअर. तुला वाटेल अक्का सॉफ्टवेअरच्या विरोधात आहे. नाही, मी नंतर पाच वर्षं वापरलं आणि त्यानं माझं डोकं बऱ्याच ठिकाणी हलकं केलं. हॉप्सचंच घे. पाकिटावर कडूपणा देणाऱ्या अल्फा ॲसिडची टक्केवारी लिहिलेली असते आणि ती दर हंगामाला बदलते. तीस ग्रॅम हॉप्स, ६ टक्के अल्फा, वीस लिटर १२ प्लेटोच्या रसात तासभर उकळले तर टिन्सेथच्या सूत्रानं कडूपणा २१ येतो. तेच हॉप्स पुढच्या वर्षी साडेचार टक्क्यांचे आले तर तेवढ्याच तीस ग्रॅमचे १६ होतात. आता "तेच हॉप्स" म्हणून तू तीस ग्रॅम घालत राहिलास तर चव बदलणारच, आणि हा हिशोब हातानं करायचा म्हणजे त्यात घातांक येतात, उकळीची वेळ येते, रसाची दाटी येते, हे मशीननंच करावं. तसंच मॅशच्या पाण्याचं, माल्ट २० डिग्रीचा असेल आणि किलोमागं तीन लिटर पाणी घेऊन ६७ वर थांबायचं असेल तर पाणी साडेत्र्याहत्तरच्या आसपास पाहिजे, पण माल्टची पिशवी तुझ्या बाल्कनीत ८ डिग्रीवर पडलेली असेल तर ७५ पाहिजे. दीड डिग्रीचा फरक, छोटा वाटतो, पण बिअर गोडसर राहणार का कोरडी होणार ते ह्या दोन-तीन डिग्रीतच ठरतं. हे सगळं सॉफ्टवेअर क्षणात सांगतं. रंग, अल्कोहोलची टक्केवारी, तेही सांगतं, पण ते फुकटवालं पण तितकंच बरोबर सांगतं, सूत्रं सगळ्यांची तीच आहेत. ह्यावर पैसे घालवायचे नाहीत.

आणि एक खड्डा आहे, जर्मनीत राहून इंग्रजी सॉफ्टवेअर वापरणारे सगळे त्यात पडतात म्हणून तुला आधीच दाखवते. तुझा उतारा जर्मन पद्धतीनं काढला तर अडीच किलो भागिले साडेचार किलो, ५५-५६ टक्के. तिथले हॉबीवाले ह्याला झुडहाउसआउसबॉयटं म्हणतात, माल्टच्या अख्ख्या वजनावर काढलेली टक्केवारी. अमेरिकन सॉफ्टवेअरमध्ये एफिशियन्सी म्हणून जो रकाना असतो तो वेगळा, त्यात माल्टमधनं जास्तीत जास्त जेवढं निघू शकतं त्याच्या किती टक्के काढलं ते भरायचं असतं, आणि त्या मापानं तुझा उतारा ७१-७२ येतो. काम एकच, आकडे दोन. तू जर्मन मित्राचं ऐकून त्या रकान्यात ५६ भरलंस तर ते तुला साडेचारऐवजी पावणेसहा किलो माल्ट घालायला लावेल आणि बाराच्या जागी पंधराच्या वर बिअर होईल, मग तू म्हणशील सॉफ्टवेअर खराब. पहिल्या दिवशी हा रकाना नीट भर, बाकी नंतर.

कुठलं घ्यायचं म्हणशील तर सध्या घेऊच नको, वापर. ब्रूटार्गेट नावाचं एक आहे, ओपन सोर्स, फुकट, दिसायला साधं आहे पण तुझ्या गरजेपुरतं सगळं करतं. जर्मनमध्ये क्लायनर ब्राउहेल्फर आहे, तेही फुकट, आणि त्यात प्लेटो आणि तो जर्मन उतारा आधीपासूनच असल्यामुळं वरचा खड्डाच येत नाही, तुझी जर्मन आता बरी असणार तर मी तुझ्या जागी हेच उघडलं असतं. पैसेवाल्यांत बिअरस्मिथ जुनं आणि खोल आहे, कॉम्प्युटरवर बसून सगळं बारीक बारीक बदलता येतं पण शिकायला वेळ खातं. ब्रूफादर फोनवर बघायला सोपं, बॅचच्या दिवशी कुठल्या मिनिटाला काय घालायचं ते समोर येतं, तरंगता सेन्सर असला तर त्याचे आकडे आपोआप आत येतात. ब्रुअर्स फ्रेंडही आहे. ब्रूफादर आणि ब्रुअर्स फ्रेंड मर्यादित रेसिपींपर्यंत फुकट वापरता येतात, तू एकच रेसिपी करतोस, तुला ती मर्यादा लागणार पण नाही रे! किमती मी लिहीत नाही कारण त्या बदलतात, तू त्या दिवशीची बघ आणि सहानं भाग. वर्षाला सहा बॅच म्हणजे एका बॅचमागं किती पडतंय तो खरा आकडा, तो बायकोसमोर मांड आणि दोघांनी मिळून ठरवा. तिचं म्हणणं मला रास्त वाटतं, महिन्याला थोडे थोडे कटणारे पैसे डोळ्याला दिसत नाहीत आणि घर चालवणाऱ्याला ते बरोबर टोचतात.

पैसे घालायचेच असतील तर आधी ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा घे हॉप्ससाठी, आणि एक भरवशाचा थर्मामीटर घे, तो बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो का ते घरी आल्याबरोबर तपास. आणि हायड्रोमीटर २० डिग्रीवरच खरा बोलतो हे विसरू नको, गरम रसात बुडवून आकडा कमी आला म्हणून रडणारे मी लई बघितलेत. रिफ्रॅक्टोमीटर (रसाच्या थेंबावरनं साखर मोजणारा) घेतला असशील तर तो आंबायच्या आधीच, अल्कोहोल तयार झालं की तो चुकीचं सांगतो, दुरुस्ती करावी लागते.

पैसे भरायची वेळ कधी येईल ते पण सांगते, म्हणजे मित्राला अगदीच नाही म्हणायला नको. तुम्ही तिघं आहात, उद्या एकजण दुसऱ्या गावी गेला आणि तिघंही वेगवेगळ्या भांड्यात तीच बिअर करायला लागलात तर प्रत्येकाच्या भांड्याचं आटणं, उतारा वेगळा ठेवून रेसिपी एका क्षणात बदलून देणं हे चांगलं सॉफ्टवेअर फार छान करतं, तिथं त्याचे पैसे वसूल. किंवा पन्नास लिटरचं भांडं घेतलंत, महिन्याला दोन-दोन बॅच होऊ लागल्या, कुठले हॉप्स किती उरलेत हे लक्षात राहीना. किंवा पाण्यात हात घालायचा झाला, कारण पाण्यातलं कॅल्शियम, बायकार्बोनेट हे मॅशवर परिणाम करतं आणि तो हिशोब खरंच किचकट आहे. राकसकोप आणि हिडकल ह्या दोन धरणांचं पाणी एकाच शहरात येतं तरी बेळगावात बायका चहा पिऊन फरक सांगतात, मग बिअरमध्ये तर नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच. पण हे तिसरं पाऊल, तू अजून पहिल्यावर आहेस.

घेतलंस तरी वही सोडू नको. माझं एकदा कार्ड बदललं, पैसे कटले नाहीत, आणि एका ॲपनं माझ्या फुकट मर्यादेवरच्या सगळ्या रेसिपी कुलूप लावून ठेवल्या. पैसे भरल्यावर उघडल्या पण त्या आठवड्यात बॅच होती, सामान आणलेलं, आणि मला माझंच प्रमाण बघता येईना, इतकं वाईट वाटलं. त्या दिवसापासून प्रत्येक बॅचचा कागद मी छापून ठेवला. बहुतेक सॉफ्टवेअरमधनं बिअर एक्सएमएल नावाच्या फाईलमध्ये रेसिपी बाहेर काढता येते आणि ती दुसऱ्यात घालता येते, ज्यात अशी बाहेर काढायची सोय नाही ते फुकट असलं तरी घेऊ नको.

आता परत येण्याचं. भांडी आणू नको, आणि आणलीस तर मोठं वरण शिजवायला आण. कर्नाटकात १९६५ चा अबकारी कायदा आहे, लायसन्सशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे आणि बिअर त्यातच येते, घरात स्वतःपुरती केली, विकली नाही, हे कारण चालत नाही. काहीजण सांगतील हद्द ओलांडून पलीकडं महाराष्ट्रात चंदगडला कर, तिकडं १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, तिथंही घरात करायला परवानगी नाही. जर्मनीत २०२४ पासून घरच्यापुरती वर्षाला ५०० लिटरपर्यंत कर न भरता करता येते, आधी २०० होती, तिकडची ती मुभा तिकडंच राहते. मला परत आल्यावर पहिलं वर्ष फार जड गेलं, हात शिवशिवायचे, गुऱ्हाळावरनं वाफ आली तरी माल्टची आठवण व्हायची. पण सीमाभागात ओळखीचे लोक "काही होत नाही" म्हणतात आणि झालं की कोणी उभं राहत नाही, तुझ्या आई-वडिलांच्या दारात अबकारीची गाडी येऊन थांबली तर ते त्यांनी का बघावं? खरंच ह्यात पुढं जायचं असेल तर लायसन्स असलेल्या ब्रुअरीत काम बघ, बेंगळुरूला मायक्रोब्रुअरी भरपूर आहेत, आणि तिथं गेलास तर तुझी दोन वर्षांची मोजलेली वही कुठल्याही सर्टिफिकेटाएवढी बोलेल असं मला मनापासून वाटतं.

आईचं राहिलं. तिला समजवायला जाऊ नको की बिअर म्हणजे दारू नाही, कारण ती दारूच आहे, पाच टक्के अल्कोहोल आहे त्यात. आपल्या भागात प्रत्येक गल्लीत एक घर तरी असं आहे जिथं पगार गुत्त्यावर गेला आणि बाईनं विड्या वळून पोरं वाढवली, निपाणीत तर तुझ्या आईनं हे डोळ्यांनी बघितलं असणार. तिचा राग त्या घरांतनं आलाय, तो खोटा नाही. मी माझ्या सासूबाईंना एवढंच सांगितलं होतं की किती प्यायची ते मी ठरवलंय आणि त्याच्या पुढं जाणार नाही, आणि आठ वर्षं ते पाळलं. त्यांना शेवटपर्यंत आवडलं नाही पण त्या माझ्याशी बोलायच्या थांबल्या नाहीत. तुझं तसं काही ठरलेलं आहे का? पत्रात तू किती करतोस ते लिहिलंयस, किती पितोस ते लिहिलेलं नाहीस. ते ठरव आणि आईला खरं तेच सांग.

परत गेलास की पहिल्या रविवारी काठीवर खुणा कर, तीच रेसिपी, तोच साडेचार किलो माल्ट, साडेएकोणतीस लिटर पाणी, झाकण पूर्ण काढून, खिडकी उघडी ठेवायची तर दर वेळी उघडीच. उकळीच्या आधीचे लिटर, नंतरचे लिटर, प्लेटो, फर्मेंटरचं तापमान सकाळ-संध्याकाळ, आणि भरायच्या आधीची दोन मापं. अशा तीन बॅच कर, कागद मला पाठव. तिन्ही वेळा १२ च्या आसपास आणि वीस लिटर आलं की मग त्या पैसेवाल्या सॉफ्टवेअरची ट्रायल उघडू आणि तुझे आकडे त्यात भरून बघू, ते काय म्हणतंय.